सूर्य जेवून उठल्यावर

काका खोटे बोलत नसत. हे वाक्य मी कौतुकाने लिहितो आहे की तक्रारीने, याचा निर्णय मला इतक्या वर्षांत करता आलेला नाही. पंचविशीत त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून राहत होतो तेव्हा ती निश्चितच तक्रार होती. आता मी त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या जवळ येऊन ठेपलो आहे, माझ्याही घरात एका मुलीच्या लग्नाचे बोलणे चालू आहे, आणि त्या तक्रारीचे तोंड हळूहळू माझ्याकडेच वळू लागले आहे.

इंजिनियरच्या नोकरीसाठी मी बडोद्याला आलो तेव्हा शहरात माझ्या ओळखीचे कोणी नव्हते. दांडिया बाजारातल्या त्या घरात खाली फरसाणाचे दुकान, मधल्या मजल्यावर काका, काकू आणि त्यांची एकुलती एक मुलगी बेबी, आणि वर गच्चीला लागून असलेल्या खोलीत मी, अशी मांडणी होती. काका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. उंच, किंचित पुढे झुकलेले, मनगटावर चावीचे घड्याळ. भाजीवालीपासून शेजारच्या चार वर्षांच्या पोरापर्यंत ते सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. एकेरी हाक फक्त बेबीला आणि ग्रहांना. शुक्र आला, गुरू उगवला, शनी दिसत नाही हल्ली. घरातून कामाला बाहेर पडलेल्या भावंडांची चौकशी करावी तसे ते बोलत.

खोली दाखवताना त्यांनी मला एकच अट घातली.

“झाडू रोज मारता का?”

स्वच्छतेची परीक्षा आहे असे समजून मी उत्साहाने हो म्हणालो.

“कॉटखाली मारू नका. मी सांगेन तेव्हाच मारा.”

पंधरवड्याने ते बॅटरी घेऊन वर आले, धोतर सावरून जमिनीवर पालथे झाले आणि मलाही पालथे व्हायला लावले. कॉटखाली धुळीचे, केसांचे, कापसाच्या तंतूंचे मऊ करडे गोळे झाले होते. काही वाटाण्याएवढे, एखादा लिंबाएवढा.

“हे कोणी वळले?” त्यांनी विचारले.

“कोणी नाही. आपोआप झाले.”

“आपोआप म्हणजे काही उत्तर नव्हे, इंजिनियर. वाऱ्याची झुळूक येते, कण फिरतात, एकमेकांना घासतात, चिकटतात. सुरुवात अशीच झाली. सूर्याभोवती नुसती धूळ फिरत होती. चिकटत चिकटत खडे झाले, खड्यांचे डोंगर झाले. डोंगराएवढं झाल्यावर मग त्याला स्वतःची ओढ येते. जवळून जाणाऱ्याला ते हाक मारू लागतं.” त्यांनी बोटाने लिंबाएवढा गोळा हळूच सरकवला. तो वाटेतल्या दोन वाटाण्यांना घेऊन पुढे गेला. “हा बघा. हा मोठा होणार.”

खालून काकूंचा आवाज आला, “झालं का विश्व बघून? मग झाडू पाठवू का वर? लोकांच्या घरी कचरा असतो, आमच्याकडे ब्रह्मांड!”

काका उठले, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि मला गंभीरपणे म्हणाले, “त्यांचंही बरोबर आहे. झाडू हासुद्धा निसर्गात आहे. सूर्य पेटला तेव्हा त्याचा वारा सुटला आणि उरलेली धूळ त्याने झाडून काढली. ज्यांनी तोवर गोळा केलं, त्यांचं झालं.”

ग्रहांविषयी त्यांचे एक आवडते वाक्य होते. ते मी निदान शंभरदा ऐकले असेन. “सूर्य जेवून उठला, पानात जे उरलं ते आपण.” होते नव्हते ते जवळजवळ सगळे सूर्याने घेतले, त्याच्या उष्ट्या पानातल्या शितांतून पृथ्वी झाली, गुरू झाला, दांडिया बाजार झाला, असे ते सांगत. खालच्या फरसाणवाल्या भाईंनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकले होते की काका जिन्यावरून उतरताना दिसले की ते गल्ल्यावरूनच विचारत, “काका, सूरज जमी रह्यो के?” सूर्याचे जेवण आटोपले का, अशी ती चौकशी. काका घड्याळ बघून उत्तर देत, “क्यारनो.” केव्हाच.

या भाईंना एका वर्षी साडेसाती लागली होती. दुकानात तेलाच्या दिव्यांची संख्या वाढली. काकांनी त्यांना समजावले की शनी इतका हलका आहे की पाण्यात टाकला तर तरंगेल; असा फुगा तुमच्या मानगुटीवर बसून तुम्हाला कसा दाबणार? भाईंनी शांतपणे शेव तोलत उत्तर दिले, “पण एटलु पाणी लावू क्यांथी, काका? नळ तो एक कलाक आवे छे.” इतके पाणी आणायचे कुठून, नळ तर तासभरच येतो. काका त्या दिवशी मनापासून हसले आणि पुढे बरेच दिवस हे उत्तर सगळ्यांना सांगत राहिले. त्यांना वादात हरायला आवडत असे. फक्त समोरच्याने काहीतरी बघून बोललेले असावे लागे.

थंडीच्या दिवसांत ते शेगडी पेटवून गच्चीवर ठेवत आणि तिच्यापासून वाढत्या अंतरावर तुपाच्या वाट्या मांडत. शेगडीजवळचे तूप पातळ, पलीकडचे रवाळ, कठड्याजवळचे घट्ट. तूप कुठवर पातळ राहते आणि कुठून गोठते, ती रेघ ते खडूने आखत. “या रेघेच्या आत बर्फ टिकेना. म्हणून आतल्यांना नुसता दगड आणि लोखंड मिळालं. बुध, शुक्र, आपण, मंगळ. रेघेच्या बाहेर दगडही होता आणि बर्फही. तिथे जो बसला त्याचं पोट भरलं. गुरू बघा.” काकू त्या वाट्या गोळा करून नेत तेव्हा म्हणत, “तूप कमी झालंय. कोणत्या ग्रहाने खाल्लं ते तेवढं सांगा.” बहुधा बेबीने खाल्लेले असे.

बेबी रावपुऱ्यातल्या एका बालवाडीत शिकवीत असे. वडिलांचे वेड तिने लहानपणापासून इतके पाहिले होते की तिला त्याचे ना कौतुक होते ना कंटाळा. एकदा आम्ही तिघे सेव-उसळ खायला गेलो. काकांनी आपला रस्सा हलवायला नकार दिला. वर तर्री, मध्ये रस्सा, तळाला वाटाणे, असे स्थिर होईपर्यंत ते थांबले आणि मला म्हणाले, “पृथ्वी वितळली होती तेव्हा असंच झालं. लोखंड जड, ते तळाला गेलं. हलकं ते वर तरंगलं, त्यावर आपण राहतो.” बेबीने आपल्या ताटलीत पाव बुडवला आणि म्हणाली, “बाबा, तुमची पृथ्वी गार झाली. खाऊन घ्या हवे.” बडोद्याच्या मराठीत ‘हवे’ म्हणजे ‘आता’.

आता त्यांच्या खरेपणाबद्दल सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

घरी नको असलेला फोन आला की काकू “ते घरात नाहीत” असे म्हणत. लगेच आतून काकांचा आवाज येई, “आहे! पण बोलायचं नाही!” बारशाला गेले असता, बाळ कोणावर गेले असे कौतुकाने विचारणाऱ्या आईला त्यांनी बराच वेळ बाळाकडे पाहून “अजून ठरलेलं नाही” असे सांगितले. एका दिवंगत सहकाऱ्याच्या शोकसभेत सगळे त्या गृहस्थांच्या दिलदारपणाचे दाखले देत होते. काकांवर पाळी आली तेव्हा ते उभे राहिले, म्हणाले, “त्यांचं अक्षर चांगलं होतं,” आणि खाली बसले.

यात दुसऱ्याला दुखवण्याची हौस अजिबात नव्हती. ज्याची खात्री आहे ते बोलावे आणि ज्याची नाही त्याबद्दल गप्प राहावे, एवढाच त्यांचा धर्म होता. रोज सकाळी रेडिओवर बातम्यांपूर्वी वेळेचे ठोके पडत, तेव्हा ते घड्याळ हातात घेऊन खुर्चीवर ताठ बसत आणि शेवटच्या ठोक्याला काटा जुळवत. गल्लीतली घड्याळे त्यांच्या घड्याळावर लागत. तरुणपणापासूनचा हा नेम एकाही दिवशी चुकला नव्हता, असे काकू सांगत. त्या सांगण्यात अभिमान होता आणि थोडा त्रागाही.

इतर ग्रहांबद्दल काका थट्टेने बोलत. शुक्र बलवान असला की संसार सुखाचा होतो, असे कोणी म्हणाले तर ते सांगत, “तिथे तेजाबाचे ढग आहेत आणि जमिनीवर शिसं वितळेल इतकी आग.” त्यावर काकू शेंगा सोलता सोलता म्हणत, “मग संसार म्हणतात तो तोच की!”

मंगळाबद्दल मात्र त्यांचा आवाज खाली येई. मंगळ वजनाने पृथ्वीच्या जवळपास दहाव्या हिश्शाचा. तो तेवढाच का राहिला, याची जाणकार वेगवेगळी कारणे देतात. काकांना पटलेले कारण असे की गुरू शेजारी आधी मोठा झाला आणि मंगळाच्या वाट्याचा माल त्याने इकडेतिकडे उधळून लावला. “त्याची वाढ खुंटली. एवढासा जीव, लवकर थंड पडला. हवा धरून ठेवायला अंगात जोर नाही, ती निघून गेली. पाणी होतं, वाहून गेल्याच्या खुणा आहेत, तेही गेलं. अंगावर नुसता गंज उरला, तो लाल दिसतो.” मग ते म्हणत, “आणि आपण त्या गंजाला राग म्हणतो. जो उपाशी उठला, त्यालाच लोक भितात.”

मी ते वाक्य विज्ञानाचे म्हणून ऐकत असे. बेबीच्या पत्रिकेत मंगळ आठवा आहे, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती.

ठाऊक कोणालाच नव्हती, कारण काकांनी तिची पत्रिका करूच दिली नव्हती. ती झाली ती तिच्या लग्नाचे निघाल्यावर. रावपुऱ्यातल्याच एका मराठी कुटुंबातला मुलगा. गणेशोत्सवातल्या एका नाटकाच्या तालमीत दोघांची ओळख झाली होती आणि दोघांनीही घरी सरळ सांगितले होते. मुलाचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, मोकळ्या मनाचे. अडचण मुलाच्या आईची होती. त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे लग्न मंगळ न बघता झाले होते आणि वर्षाच्या आत त्या बहिणीचे यजमान गेले. इतरांना ही अंधश्रद्धा वाटेल, पण त्या बाईंनी तो वर्षभराचा संसार आणि त्यानंतरची बहीण डोळ्यांनी पाहिली होती. काकूंनी त्यांना बेबीची जन्मवेळ दिली. काकूंना ती पाठ होती. काकांनी ती घरात इतक्या वेळा सांगितली होती.

एका रविवारी सकाळी ती मंडळी शास्त्रीबुवांना घेऊन आली. घरचाच माणूस म्हणून काकूंनी मला खाली बोलावून घेतले. बेबी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चहा झाला, बटाट्याचा ओलसर लीलो चिवडा झाला. शास्त्रीबुवा वयस्कर, मृदू बोलणारे, आयुष्यभर लोकांची लग्ने जमवत आलेले. त्यांनी पत्रिका मांडीवर ठेवली आणि काकांना म्हणाले,

“साहेब, मुलगी लाखात एक आहे. मंगळ आठवा येतो, एवढंच जरा खटकतं.”

काकांनी कप खाली ठेवला.

“पण मी नीट बघितलं,” शास्त्रीबुवा पुढे सरकून म्हणाले. “लग्नरास अगदी नुकतीच बदललेली आहे. जन्म सहा-सात मिनिटं आधीचा धरला ना, तर लग्नरास मागची येते आणि मंगळ नववा होतो. मग प्रश्नच उरत नाही. आता इस्पितळातली गडबड, त्यात जुनी घड्याळं. घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे असणं काही नवल नाही. खरं ना?”

त्यांनी ‘खरं ना’ इतक्या प्रेमाने विचारले की खोलीतल्या प्रत्येकाने आतल्या आत मान डोलावली. मुलाच्या आईच्या चेहऱ्यावर मोठी आशा होती. त्यांनाही हे लग्न हवे होते, फक्त भीतीतून वाट हवी होती. मुलाचे वडील हसून म्हणाले, “आमच्या घरचं तर कायम पुढेच असतं!” काकू पदराचे टोक चुरगाळत होत्या. मीही मनात म्हणत होतो: म्हणा काका. ‘असेल’ एवढे म्हणा. ज्या शास्त्रावर तुमचा विश्वासच नाही, त्याच्यासमोर ही सहा मिनिटे सोडून देण्यात तुमचे काय जाते?

काकांनी डाव्या मनगटावरून हात फिरवला.

“घड्याळ बरोबर होतं,” ते म्हणाले. “त्या सकाळी मी ते रेडिओच्या ठोक्यांवर लावलं होतं.”

दारातली बेबी आत गेली.

शास्त्रीबुवांनी पत्रिका घडी करून पिशवीत ठेवली. मुलाच्या वडिलांनी थोड्या वेळाने दुसरा मार्ग काढला. मग कुंभविवाह करून घेऊ, म्हणाले. मुलीचे आधी पाण्याने भरलेल्या कुंभाशी रीतसर लग्न लावायचे, नंतर तो कुंभ विसर्जित करायचा. मंगळाचा जो काही कोप असेल तो कुंभावर जातो. घरातल्या घरात, चार माणसांत. त्यानंतर आमची काही हरकत नाही.

“माझ्या मुलीचं लग्न मडक्याशी होणार नाही,” काका म्हणाले आणि पाहुण्यांना नमस्कार करून आतल्या खोलीत गेले.

त्यानंतरचे दिवस त्या घरात फार जड गेले. काकू स्वयंपाक करीत, वाढीत, पण काकांशी बोलत नसत. बेबी बालवाडीत जाई आणि सरळ येई. मला काकांचा फार राग आला होता. सत्याचा हा कसला गर्व, ज्याची किंमत दुसऱ्याने भरायची, असे मी मनाशी म्हणत असे, आणि तसे म्हणताना स्वतःला बराच समंजस समजत असे. त्यांच्या जागी मी असतो तर सहज ‘असेल’ म्हणालो असतो, यात मला शंका नव्हती. आजही नाही. फरक इतकाच की तेव्हा तो मला माझा गुण वाटत होता.

काकूंनी मला सांगितले, “तुमचं ऐकतील ते. तुम्ही एकदा बोलून बघा.”

मी संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेलो. ते खिडकीपाशी बसले होते.

“काका, सहा मिनिटांचाच तर प्रश्न होता,” मी म्हणालो. “तुमचा तर यावर विश्वासही नाही.”

“बसा,” ते म्हणाले. मग हळू आवाजात सांगू लागले. “त्या सकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, दोघींपैकी कोणाचंच नक्की सांगता येत नाही. आणि आत गेल्या. मला दारापाशी उभं राहण्याशिवाय काही काम नव्हतं. देवाला हाक मारणं मला येत नाही. मी घड्याळाकडे बघत राहिलो. एकेक मिनिट जाताना बघितलं. मग ती रडल्याचा आवाज आला.”

त्यांनी मनगटावरचे घड्याळ सरळ केले.

“तुम्ही म्हणता, सहा मिनिटं मागे घ्या. इंजिनियर, त्या सहा मिनिटांत ती नव्हती. तिची आई आहे की नाही ते मला माहीत नव्हतं. ती मिनिटं मी काढली आहेत. शास्त्रीबुवा म्हणतात, त्या वेळी ती जन्मली होती. मग मी दाराबाहेर उभा राहून कशाची वाट बघत होतो?”

मी त्यांना गर्विष्ठ ठरवून आत आलो होतो. बाहेर जाताना तो शब्द कुठे ठेवावा हे कळत नव्हते. मागे वळलो तर दारात बेबी उभी होती. तिने सगळे ऐकले असावे. मी जाऊ लागलो तेव्हा तिने हाताने मला थांबवले, जणू साक्षीला कोणीतरी असलेले तिला हवे होते.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही बोललात ते बरोबर बोललात. मी रागावलेली नाही. त्या दिवशी मी आत जाऊन रडले, ते रागाने नाही.”

काकांनी वर पाहिले.

“पण त्यांच्या आईंची भीतीही खोटी नाही. त्यांनी बहिणीला बघितलंय. लग्नानंतर घरात कोणाला साधा ताप आला तरी त्या माझ्याकडे बघतील. मला तसं राहायचं नाही. आणि लग्न मला तिथेच करायचंय.” ती दोन पावले पुढे आली. “तुम्हाला एक मिनिट खोटं बोलता आलं नाही. आता मला एक तास खोटं वागू द्या.”

काका तिच्याकडे बघत राहिले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी आजवर कोणाच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिले नाही; सगळे आयुष्य जपलेले खरेपण आणि तितकीच जपलेली मुलगी, दोन्ही एकाच वेळी समोर येऊन उभी राहिली असावीत. शेवटी ते म्हणाले, “मडक्याला कन्यादान बापालाच करावं लागतं ना?”

“काका-मामांपैकी कोणी केलं तरी चालतं म्हणे,” बेबी म्हणाली. “तुम्ही नका बसू. त्या सकाळी तुम्ही बागेत फिरायला जा.”

“नाही,” ते म्हणाले. “तुझं खोटं दुसऱ्याच्या हातून कशाला? मी बसेन.”

कुंभविवाह सकाळीच झाला. चौरंगावर तांदळाच्या राशीवर कुंभ, त्यावर विष्णूची लहानशी प्रतिमा, गळ्यात हार. समोर पिवळ्या साडीत बेबी. मुलाकडून फक्त त्याच्या आई आल्या होत्या आणि त्या भिंतीशी अंग चोरून बसल्या होत्या. काका सोवळे नेसून पाटावर बसले. हातावर पाणी घेऊन संकल्प म्हणायची वेळ आली. मंगळाच्या दोषाच्या निवारणासाठी ही कन्या या कुंभाला देतो, अशा अर्थाचे ते शब्द होते. शास्त्रीबुवांना त्या रविवारची आठवण असणार. ते खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, मनातल्या मनात म्हटलंत तरी चालेल. मी म्हणतो मोठ्याने.”

“नको,” काका म्हणाले. “म्हणायचं तर नीट म्हणतो.”

आणि त्यांनी ते म्हटले. गोत्र, तिथी, मुलीचे नाव, मंगळाचे नाव, त्याचा दोष, सगळे स्पष्ट, एकही अक्षर न गिळता, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. म्हणताना त्यांची नजर कुंभाकडे नव्हती, बेबीकडे होती. मुलाच्या आईंनी पदर डोळ्यांना लावला. विधी संपल्यावर त्याच पहिल्यांदा उठल्या आणि बेबीला जवळ घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

महिन्याभराने लग्न झाले. ते साधे आणि आनंदाचे होते, आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही, ही त्यातली सर्वांत चांगली गोष्ट. बेबीचा संसार चांगला चालला आहे. काका जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली.

मला सांगायची आहे ती कुंभविवाहाच्याच दिवसाची संध्याकाळ. सूर्य मावळून थोडा वेळ झाला होता. मी कामावरून येऊन गच्चीवर बसलो होतो. काका जिना चढून वर आले, माझ्याकडे त्यांचे लक्ष गेले नाही. पूर्वेकडे घरांच्या वर मंगळ आला होता, लालसर, न लुकलुकणारा. कठड्याजवळ जाऊन त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, दोन्ही हात जोडले आणि डोके खाली वाकवले. कोणत्याही देवळात मी त्यांना असे वाकलेले पाहिले नव्हते.

वाळत घातलेले कपडे काढायला काकू त्याच वेळी वर आल्या होत्या. त्या दोरीपाशीच थबकल्या. मग कपडे तिथेच ठेवून, पायांचा आवाज न करता खाली गेल्या. जाताना त्यांचा चेहरा मला दिसला. लग्न होऊन आल्यापासून ज्याची वाट पाहिली ते अखेर घडल्याचा आनंद त्यावर होता.

काका वळले तेव्हा मी दिसलो. मी काहीच विचारले नाही, पण त्यांना न विचारलेला प्रश्नही अनुत्तरित ठेवता येत नसे.

“सकाळी मी चार माणसांत त्याचं नाव घेऊन त्याला दोषी म्हटलं,” ते म्हणाले. “त्याने कोणाचं काही केलेलं नाही. निदान समोर येऊन माफी मागावी, एवढंच.” आणि चपला घालून ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ती गोष्ट शेजारी सांगितली, फरसाणवाल्या भाईंना सांगितली, बेबीच्या होणाऱ्या सासूबाईंना तर फोन करून सांगितली. “अखेर हात जोडले हो त्यांनी ग्रहाला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.” त्या हे सांगत होत्या तेव्हा काका शेजारच्याच खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांच्याकडे पाहिले. “तसं नाही!” असा त्यांचा आवाज आता येईल म्हणून मी वाट पाहत होतो. काकूंचा फोन बराच वेळ चालला. काकांनी वर्तमानपत्राचे पान उलटले, एकवार काकूंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, आणि पुन्हा वाचू लागले.